पासंग: खोताच्या वाडीतला पंखा, हिरोशिमाचे रोटर आणि कोलारचे उड्डाण

आजचा धागा जरा लांब आहे आणि त्याचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. एका तीन कोपऱ्यांच्या लोखंडी ठोकळ्याचे वजन किती असावे, एवढाच प्रश्न. पण या प्रश्नापायी जर्मनीतला एक कारखाना बुडाला, जपानमधला एक तरला आणि आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, एका संस्थेचे नाव एका लहानशा पण खऱ्या उड्डाणाशी जोडले गेले. सुरुवात मात्र गिरगावातून.

खोताची वाडी बहुतेकांनी छायाचित्रांतून पाहिलेली असते: लाकडी जिने, रंगीत कठडे, कौलारू छपरे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिचे तुकडे पाडून विकले, ते मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले आणि वाडी उभी राहिली. एके काळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरे आता तिसाच्याही आत आली आहेत. उरलेल्यांपैकी एका ओळखीच्या घरी गेल्या उन्हाळ्यात मी बसलो होतो. उंच आढ्याला लांब दांडीवर लोंबणारा जुना छताचा पंखा असा काही डुलत होता की बोलणाऱ्याचे लक्ष वारंवार वर जाई. कारण साधे निघाले. एक पाते वाकले होते आणि कोणीतरी दुसऱ्या पंख्याचे, दिसायला अगदी तसेच, पाते आणून बसवले होते. नंतर आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिडीवर चढून तिन्ही पाती हाताने तोलून पाहिली आणि म्हणाले, "पाती जोडीची लागतात हो. ह्याचं पातं त्याला चालत नाही." मग त्यांनी हलक्या पात्याच्या पाठीवर चिकटपट्टीने एक नाणे बसवले, दोनदा जागा बदलली आणि पंखा गप्प झाला.

त्या नाण्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: पासंग. तराजूचे एक पारडे दुसऱ्याहून हलके असले तर त्याला बांधायचा खडा किंवा शिशाचा तुकडा. 'पासंगालाही पुरणार नाही' असे आपण सहज म्हणतो, पण पासंग खरोखर कशाला लागतो हे तराजूबरोबरच आपण विसरलो. फिरणाऱ्या वस्तूचा पासंग ही स्थिर तराजूच्या पासंगाहून कितीतरी क्रूर गोष्ट आहे. स्थिर तराजूत चूक ग्रॅमची असेल तर परिणामही ग्रॅमचाच होतो. फिरत्या चाकात चूक ग्रॅमची असते आणि परिणाम किलोंत मोजावा लागतो.

आता मुख्य पात्राकडे येऊ. 'रोटरी इंजिन' हे नाव इतिहासात दोन अगदी वेगळ्या यंत्रांना मिळाले आहे आणि समाजमाध्यमांवर त्यांची सर्रास गल्लत होते. पहिले विमानांचे. १९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी 'नोम' नावाचे इंजिन आणले. त्यात दांडा स्थिर असे आणि त्याच्याभोवती सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरत. हवेत फिरल्यामुळे ते आपोआप थंड होत, आणि वेगळे जड फ्लायव्हील लागत नसे. पहिल्या महायुद्धातल्या 'सॉपविथ कॅमल' विमानात याच जातीची इंजिने होती; सरदार हरदित सिंग मलिक यांनी ते विमान चालवले. या इंजिनांना वंगण म्हणून चक्क एरंडेल लागे. न जळलेले एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे, आणि त्याचा पोटावर व्हायचा तो परिणाम होई.

येथे एक दुरुस्ती आवश्यक वाटते. त्याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे वैमानिक जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. त्यांच्यावरच्या लेखनात कधीकधी फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनाचे वर्णन घुसडले जाते, कारण त्याने गोष्ट रंगते. ते २३ क्रमांकाच्या तुकडीत होते आणि 'सॉपविथ डॉल्फिन' चालवत होते. डॉल्फिनला पाण्याने थंड होणारे आठ सिलिंडरांचे हिस्पानो-सुइझा इंजिन होते, फिरते नव्हे. या पंख्याचे पाते त्या पंख्याला लावू नये.

दुसरे रोटरी इंजिन म्हणजे वांकेल, आणि आजचा धागा त्याच्यावर आहे. यात सिलिंडर नाही, वरखाली होणारा दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. चिमटलेल्या वडीसारख्या, किंचित इंग्रजी आठच्या आकाराच्या पोकळीत एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्याचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला घासत राहतात, त्यामुळे त्रिकोणाच्या तीन बाजूंशी तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा-लहान होतो आणि त्यातच हवा घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर सोडणे ही चारही कामे उरकतात. हा त्रिकोण म्हणजे रोटर.

फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) हा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या लार गावचा. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९२९ मध्ये त्याने फिरत्या यंत्राचे पहिले पेटंट घेतले. नाझी राजवटीत त्याने हवाई दलासाठी झडपा आणि सील यांवर काम केले, तो एसएसमध्येही गेला, युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला कैदेत टाकले आणि त्याची कार्यशाळा उखडली. हे सारे त्याच्या चरित्राचा भाग आहे आणि यंत्राच्या कौतुकात ते गाळू नये. १९५१ मध्ये नेकार्सउल्मच्या एनएसयू कंपनीशी त्याचा करार झाला. १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले इंजिन स्वतःच्या बळावर चालले.

आणि येथेच तोलाची गोष्ट सुरू होते. वांकेलच्या मूळ इंजिनात फक्त त्रिकोण फिरत नसे, त्याच्या भोवतीची पोकळीही फिरे. दोन्ही आपापल्या मध्याभोवती, वेगवेगळ्या गतीने. जो भाग स्वतःच्या मध्याभोवतीच फिरतो, त्याला बाहेर फेकणारे बळ निर्माण होत नाही. चांगला सूत धरलेला भोवरा जसा एका जागी 'झोपतो', तसे ते इंजिन अफाट वेगात झोपून जाई. तोलाच्या दृष्टीने याहून शुद्ध रचना शोधून सापडणार नाही. पण तिचा स्पार्क प्लग बदलायचा तर अख्खे इंजिन उघडावे लागे. एनएसयूचा अभियंता हान्स डीटर पाश्के याने मग वेगळी वाट काढली: बाहेरची पोकळी स्थिर ठेवायची आणि त्रिकोणाला विक्षेपी दांड्यावर, म्हणजे मध्यापासून थोड्या बाजूला सरकवलेल्या गोल पेढीवर, फिरवायचे. १९५८ मध्ये ते इंजिन चालले. वांकेलला हा बदल मुळीच रुचला नाही. पण जगात पुढे जेवढी वांकेल इंजिने विकली गेली ती सगळी पाश्केच्या रचनेची, आणि त्या रचनेने तोलाचा प्रश्न कायमचा गळ्यात बांधला.

तो प्रश्न काय, हे नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. माझदाच्या प्रसिद्ध १३बी इंजिनात विक्षेप, म्हणजे रोटरचा मध्य दांड्याच्या मध्यापासून जितका सरकलेला असतो ते अंतर, १५ मिलिमीटर आहे. रोटरचे वजन चार किलोंच्या घरात. आता हे चार किलो १५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात मिनिटाला ७००० फेरे घेऊ लागले, तर बाहेर फेकणारे बळ सुमारे सव्वातीन टनांचे होते. वाचताना घाई केलीत तर परत वाचा: चार किलोंचे सव्वातीन टन. वेग दुप्पट झाला की हे बळ चौपट होते, म्हणून मंद चालीत जे अजिबात जाणवत नाही तेच जोरात हाडे हलवते.

पाश्केच्या रचनेची एक जमेची बाजूही आहे. दट्ट्याच्या इंजिनात वस्तुमान वरखाली हेलपाटते. फिरत्या पासंगाने त्याचा हिशेब कधीच पुरा चुकत नाही. रोटर मात्र दांड्याभोवती गोलच फिरतो. तो स्वतःच्या मध्याभोवती दांड्याच्या एक तृतीयांश गतीने वळतो, कारण त्याच्या आतल्या ५१ दात्यांच्या चक्राची गाठ ३४ दात्यांच्या स्थिर चक्राशी आहे. म्हणून रोटर स्वतः नीट तोललेला असेल तर त्याचे सगळे वजन त्या विक्षेपी पेढीच्या मध्यावर साठल्यासारखे वागते, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना विरुद्ध बाजूस योग्य पासंग लावला की हिशेब पूर्ण शून्यावर येतो. एका रोटरच्या इंजिनातही. ही सोय यंत्रशास्त्रात फार दुर्मीळ आहे.

दोन रोटर असले तर ते एकमेकांच्या विरुद्ध, १८० अंशांवर बसवतात. एकाने डावीकडे ओढले तर दुसरा उजवीकडे ओढतो. बळे परस्परांना मारतात, पण दोन रोटर एकाच जागी नसतात, एक पुढे आणि एक मागे असतो. पालखीचा पुढचा भोई डावीकडे आणि मागचा उजवीकडे ओढू लागला तर पालखी जागा सोडत नाही, पण वळवळते. ही वळवळ थांबवण्यासाठी दांड्याच्या पुढच्या टोकाला एक आणि मागे फ्लायव्हीलकडे एक असे दोन पासंग लागतात. आणि हे दोन पासंग ठरावीक वजनाच्या रोटरांसाठीच कापलेले असतात.

आता इतिहासाकडे. १९६४ मध्ये एनएसयूने एका रोटरची 'स्पायडर' आणली आणि १९६७ मध्ये दोन रोटरांची 'आरओ ८०'. दिसायला ती गाडी काळाच्या वीस वर्षे पुढे होती. १९६८ चा युरोपातला 'वर्षाची गाडी' हा मान तिला मिळाला. पण कोपऱ्यांची सील झिजत, इंजिने हमीच्या काळातच बदलून द्यावी लागत. आरओ ८० चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की आपली कितवी इंजिने चालू आहेत ते बोटांनी दाखवत, असे सांगतात. गोष्ट रचलेली असली तरी तोटा रचलेला नव्हता. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवागनच्या पोटात गेली.

दरम्यान हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजेच माझदाने, १९६१ मध्ये परवाना घेतला होता. केन्इची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते नेमले गेले; जपानी दंतकथेतल्या ४७ स्वामीविहीन सामुराईंवरून लोक त्यांना तेच नाव देऊ लागले. त्यांच्यापुढचे भूत असे होते की काही तास चालल्यावर इंजिनाच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर एकसारखे ओरखडे उमटत. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. कारण कंपन. कोपऱ्याची पातळ पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरे आणि ठरावीक अंतरावर भिंत खरवडे. पट्टीची घडण व धातू बदलून तिची स्वाभाविक कंपनसंख्या हलवली तेव्हा ओरखडे गेले. ३० मे १९६७ रोजी 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली: दोन रोटर, ९८२ घनसेंटिमीटर. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरांच्या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. त्यांनी तोल आणि सील यांच्यासाठी तीस वर्षे मोजली.

कारखान्यात ओतकाम कितीही काटेकोर केले तरी दोन रोटर हुबेहूब एका वजनाचे निघत नाहीत. यावर माझदाने काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो आपल्या पंखेवाल्या मिस्त्रींच्या जवळचा आहे. त्यांनी रोटर तोलून त्यांचे वर्ग पाडले आणि प्रत्येक रोटरच्या अंगावर 'ए' ते 'ई' यांपैकी एक अक्षर ठोकले. जोडी लावताना एकाच किंवा जवळच्या वर्गातले रोटर घ्यायचे. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच प्रत्येक ठोकळ्याच्या अंगावर त्याची जात लिहिलेली असते. जुने इंजिन पुन्हा बांधणाऱ्याने पहिल्यांदा काय करावे? काजळी धुऊन ते अक्षर वाचावे.

पण अक्षर वाचून काम संपत नाही, कारण अक्षर फक्त त्या पिढीच्या आतला फरक सांगते. १३बीचे रोटर १९७० च्या दशकापासून नव्या शतकापर्यंत बदलत गेले आणि बाहेरून सगळे भावंडांसारखे दिसतात. मग ओळखायचे कसे? एक खूण कोपऱ्याच्या खाचेची. जुन्या रोटरांत सीलची पट्टी ३ मिलिमीटर जाडीची असे, १९८६ पासून ती २ मिलिमीटरची झाली. खाचेत पट्टी घालून पाहिली की पिढी कळते. दुसरी खूण बाजूवरच्या खळग्याची. जाळ भडकण्यासाठी रोटरच्या प्रत्येक बाजूस एक उथळ खळगा असतो. खळगा मोठा तर दाब कमी, लहान तर दाब जास्त. टर्बोचे रोटर १९८६ च्या सुमारास ८.५ पट दाबाचे होते, नंतर ९ पटीचे झाले. टर्बो नसलेल्या इंजिनात ९.४ आणि पुढे ९.७ पर्यंत गेले. तिसरी खूण खुद्द वजन. जुने रोटर जड, नवे हलके. वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय कोणावरही विश्वास ठेवू नये, अगदी अक्षरावरही नाही. पन्नास वर्षांत कोणीतरी आतून धातू खरवडून काढला असेल, तर अक्षर खोटे बोलते.

समजा ही ओळख चुकली. दोन रोटरांत फक्त ५० ग्रॅमांचा फरक राहिला, मूठभर शेंगदाण्यांचा. १००० फेऱ्यांना इंजिन मंद चालत असताना तो फरक किलोभर बळाचाही नसतो. हात ठेवला तरी कळणार नाही. ७००० फेऱ्यांना तोच फरक सुमारे ४१ किलोंचा होतो आणि सेकंदाला ११७ वेळा दिशा बदलत बेअरिंगांवर आदळतो. गाडी विकत घेणाऱ्याने गॅरेजच्या दारात उभे राहून ऐकले तर त्याला मधुर गुणगुण ऐकू येईल. खरे काय ते घाटात कळेल.

दुसरी, याहून नेहमीची चूक पासंगाची. हलके नवे रोटर आणायचे आणि जुन्या जड रोटरांसाठी कापलेले पुढचे-मागचे पासंग तसेच ठेवायचे. दोन्ही रोटर एकमेकांशी अगदी जुळलेले असतात, माणूस निश्चिंत असतो, आणि इंजिन तरीही थरथरते. कारण आता पासंगच जास्त झाला आहे. म्हणून जाणता कारागीर सुटा रोटर नव्हे, सगळा जोड तोलायला नेतो. रोटर पेढीवर सैल फिरतो, त्यामुळे त्याला दांड्यासकट यंत्रावर फिरवून मोजता येत नाही. मग रोटरऐवजी त्याच वजनाची कडी पेढीवर आवळतात. वजन म्हणजे रोटर, त्याचे बेअरिंग, सगळी सील, आणि थंडाव्यासाठी रोटरच्या पोटात खेळणारे तेलसुद्धा. हा जोड तोलयंत्रावर फिरवायचा, जड बाजू शोधायची आणि पासंगाला भोक पाडून तेवढा धातू कमी करायचा. रोटर स्वतःच्या मध्याशी वेगळा तोलायचा तो आधीच. अशा यंत्रांचा धंदा १९०७ च्या सुमारास जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे शेंक कंपनीने उभा केला. आज कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे रिमला शिशाचे तुकडे ठोकणारे यंत्र दिसते, ते त्याचेच दूरचे नातवंड.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून आधी येऊन गेला होता, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गिरगावातून लालबाग-परळकडे गेलात की गिरणगाव लागते. तिथल्या चात्या म्हणजे हजारो छोटे रोटर. चातीवर सुताची बोबीन चढली की ती कधीच नेमकी तोलात नसते; घट्ट बेअरिंगमध्ये तिला जोरात फिरवली तर ती थरथरते आणि धागा तुटतो. अमेरिकेतल्या रॅबेथने १८७० च्या दशकाच्या अखेरीस चातीच्या आधाराला तेलात किंचित सैल ठेवले, म्हणजे चाती फिरता फिरता स्वतःचा मध्य स्वतः शोधते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, जमशेटजी टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी १८८० च्या दशकातच रिंग चात्यांचा प्रयोग केला. लँकेशायरचे मोठे यंत्रकार तेव्हा त्यांना हात लावायला राजी नव्हते. विदर्भातली एक गिरणी या बाबतीत मँचेस्टरच्या पुढे होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत आले असते तर बरे झाले असते.

आता गिरगाव चौपाटी. खोताच्या वाडीपासून ती चालत दहा-पंधरा मिनिटांवर. 'फिरते इंजिन आणि गिरगाव' असे शब्द उच्चारले की खालच्या प्रतिसादांत कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून मीच घेतो. तळपदे चिराबाजारचे, पाठारे प्रभू, १८६४ चा जन्म, संस्कृताचे जिज्ञासू. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे निर्मनुष्य विमान उडवले अशी कथा आहे. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. त्या विमानात पारा गरगर फिरून शक्ती देई, असे अग्रेषित संदेशांत लिहिलेले असते. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांनी काही खटपट केली असेल, ती जिद्द मला मोलाची वाटते. पण त्यांच्या नावावर पाऱ्याचे इंजिन खपवणे म्हणजे अक्षर न वाचता रोटर बसवणे होय.

आणि गंमत अशी की भारतीय हातांनी घडवलेले फिरते इंजिन घेऊन एक निर्मनुष्य विमान खरोखर उडाले आहे. त्याची तारीख, जागा आणि माणसे सगळे नोंदलेले आहे. पण त्यावर चित्रपट निघालेला नाही.

'निशांत' हे सैन्यासाठी बनवलेले मानवरहित टेहळणी विमान. ते धावपट्टीवरून नव्हे, एका वाहनावरच्या प्रक्षेपकावरून फेकले जाई आणि हवाई छत्रीने खाली उतरे. त्याला पूर्वी आयात केलेले इंजिन होते. ते बदलण्यासाठी ५५ अश्वशक्तीचे, एका रोटरचे वांकेल इंजिन देशात घडवायचे ठरले. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने केला. प्रज्वलन आणि इंधन यांसारख्या सोबतच्या यंत्रणा अहमदनगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने केल्या. या संस्थेचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे, फाळणीच्या वेळी ती नगरला आली. उड्डाणाची बाजू बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने सांभाळली. 'नगरने सगळे इंजिन बनवले' असे कोणी लिहिले तर ते चूक. नगरचा वाटा मोठा आहे, पण तो वाटा आहे.

सुमारे ३० किलोंचे ते इंजिन. आता वरचे सगळे यंत्रशास्त्र आठवा. एकच रोटर, म्हणजे विरुद्ध बाजूला ओढणारा जोडीदार नाही. सगळा भार दोन टोकांच्या पासंगांवर. इंजिन विमानाच्या पाठीमागे, आणि विमानाच्या पोटात कॅमेरे. गाडी थरथरली तर चालक शिव्या देतो. टेहळणीचे विमान थरथरले तर चित्र पुसट होते आणि ज्या कामासाठी ते पाठवले ते कामच होत नाही. म्हणून अशा इंजिनात तोल ही चैनीची बाब राहत नाही. शिवाय रोटर ज्या भिंतीला घासतो तिच्यावर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मिश्र लेप लागतो. तसाच लेप जर्मनीत १९६० च्या दशकात याच जातीच्या इंजिनांसाठी घडवला गेला होता. तो बाजारातून आणण्याऐवजी येथे नव्याने विकसित केला. खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतकामही येथेच केले.

जमिनीवर दीर्घ चाचण्या झाल्या, हवाई योग्यता तपासणाऱ्या यंत्रणेने तात्पुरती परवानगी दिली आणि एप्रिल २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या धावपट्टीवरून निशांत उडाले. ते १.८ किलोमीटर उंचीवर गेले, उड्डाण सुमारे ४० मिनिटांचे झाले आणि छत्रीने खाली उतरले.

पुढची हकीकत तितकी आनंदाची नाही. सैन्याला मिळालेली चारही निशांत विमाने अपघातांत गेली, शेवटचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जैसलमेरजवळ, आणि सैन्याने पुढची मागणी सोडून दिली. या अपघातांचे खापर वांकेल इंजिनावर फोडणारे संदेशही मी पाहिले आहेत; पुराव्याशिवाय ते पुढे पाठवू नका.

वाचकांपैकी कोणाकडे खरोखरच रोटर असतील (गेल्या धाग्यानंतर एकाने छायाचित्र पाठवले होते, म्हणून सांगतो), तर एवढे करा. उघडण्याआधी पुढचा आणि मागचा रोटर यांच्यावर खूण करा. प्रत्येक कोपऱ्याचे सील त्या कोपऱ्याच्या नावाने वेगळ्या डबीत ठेवा. अक्षर वाचा, खाच मोजा, खळगा पाहा, मग काट्यावर ठेवा. आणि फ्लायव्हील कोणत्या सालच्या गाडीचे आहे ते विकणाऱ्याला न विचारता स्वतः तपासा.

एरंडेलाची गोष्ट वर अर्धवट सोडली आहे. महायुद्धाच्या काळात विमानांसाठी भारतातून गेलेल्या एरंडीवर पुढचा धागा.